साथीदाराचे तिकीट

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

वार्षिकांकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला : 'माझी जिद्द'. मला दिसत नाही, आणि तरीही मी तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन पोहोचले, तेव्हा त्यामागे जिद्दच असली पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटते. सरांविषयी मला आदर आहे. पण या विषयावर दोन दिवस विचार करूनही मला काही लिहिता येईना. माझ्यात जिद्द किती आहे, हे मला खरोखरच ठाऊक नाही. पहाटे उठून, घरचे पाणी भरून सातची एस.टी. गाठणारी कितीतरी मुले-मुली या महाविद्यालयात आहेत. त्यांना कोणी जिद्दीवर लेख लिहायला सांगत नाही. शिवाय मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. मला थोडाफार हिशेब येतो. म्हणून सरांची परवानगी घेऊन हिशेबावरच लिहिते. लेख रुक्ष वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

आमचे गाव तालुक्यापासून वीस किलोमीटरवर आहे. एस.टी.त बसलो की आई कंडक्टरला म्हणते, "एक दिव्यांग, एक साथीदार." माझ्या तिकिटात ७५ टक्के सवलत असते, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर बरोबरच्या माणसालाही निम्मेच तिकीट पडते. २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आईला आता साथीदार म्हणवून घेण्याची गरज उरलेली नाही. पण अकरावी-बारावीपासूनची सवय, ती अजून तसेच म्हणते. रेल्वेतही, सोबतीशिवाय प्रवास करता न येणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या सोबत्याला सवलत असते.

मला या नियमाचे नेहमी कौतुक वाटते. ही मुलगी एकटी येणार नाही, तिच्याबरोबर कोणीतरी येणार, आणि त्या कोणालातरी खर्च पडणार, एवढी साधी गोष्ट प्रवासाचे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली. पण बस आम्हाला थांब्यावर उतरवून पुढे जाते, तेथून पायी महाविद्यालयाच्या फाटकापाशी आलो की शिक्षणाची हद्द सुरू होते. या हद्दीत साथीदार नावाचा माणूस कोणाच्याच हिशेबात नाही. मला या लेखात जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

प्रथम, आम्हाला काय मिळते ते सांगते. नाहीतर मी नुसती तक्रार करते आहे असे वाटायचे. १९९५ सालच्या कायद्याने उच्च शिक्षणात आमच्यासाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, तेव्हा त्या ५ टक्के झाल्या, आणि प्रवेशासाठी वयातही पाच वर्षांची सूट मिळाली. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या सर्व संस्थांना हे लागू आहे. पूर्वीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. परीक्षेला लेखनिक घेता येतो, तासाला वीस मिनिटे जास्त मिळतात. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच काढला. हे सगळे चांगले आहे, आणि ज्यांनी यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले त्यांचे आमच्यावर उपकार आहेत.

आता दुसरी बाजू पाहा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत २०२०-२१ या वर्षी देशात चार कोटींहून अधिक विद्यार्थी मोजले गेले. त्यांत दिव्यांग विद्यार्थी होते सुमारे ७९ हजार. म्हणजे हजारात जेमतेम दोन. कायद्याने राखलेल्या जागा शंभरात पाच, आणि प्रत्यक्ष येणारी माणसे हजारात दोन! सगळ्याच संस्थांना राखीव जागांचा नियम लागू नाही हे धरले, तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. आम्ही हुशार नाही असे एक उत्तर यावर देता येईल. माझे उत्तर वेगळे आहे. जागा राखून ठेवायला सरकारला फारसा पैसा लागत नाही. त्या जागेपर्यंत माणूस आणून पोहोचवायला लागतो.

तो पैसा शिष्यवृत्तीतून मिळावा, अशी अपेक्षा. केंद्र सरकारने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या शिष्यवृत्त्या २०१८ साली एका छत्राखाली आणल्या. त्यांतली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्यासारख्यांच्या उपयोगाची. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. त्यानंतरच्या वर्षांतले तिचे दर असे : घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी अभ्यासक्रमाप्रमाणे महिना ५५० ते ७५० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ९०० ते १,६०० रुपये, पुस्तकांसाठी वर्षाला १,५०० रुपये, दिव्यांगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी, अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे, वर्षाला २,००० ते ४,००० रुपये, आणि सक्तीच्या फीची भरपाई, वर्षाला दीड लाखापर्यंत.

या यादीतली सर्वांत मोठी रक्कम कोणती, ते पाहावे. फीची. वाचणाऱ्याला वाटते, केवढी मोठी मदत! पण अनुदानित महाविद्यालयात बी.ए. करणाऱ्याची फी असते किती? आपल्या सगळ्यांनाच ती ठाऊक आहे. दीड लाखाची ती ओळ महागड्या अभ्यासक्रमांना उपयोगी पडत असेल, पडो बापडी. पण माझ्या ओळखीची न दिसणारी मुले-मुली जवळजवळ सगळी कला शाखेतच आहेत. प्रयोगशाळेची दारे आमच्यासाठी शाळेतच बंद झालेली असतात. त्यामुळे जिथे पैसा भरपूर आहे तिथे आम्ही नाही, आणि जिथे आम्ही आहोत तिथे उरतो तो वर्षाचा चार हजार रुपये भत्ता. ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला अकरा रुपये पडतात.

आता माझा हिशेब मांडते. मी प्रथम वर्षाला आले तेव्हा माझ्याबरोबर येणारे आईशिवाय कोणी नव्हते. बसथांब्यापासून महाविद्यालयापर्यंत हमरस्ता ओलांडावा लागतो. पांढरी काठी घेऊन तो एकटीने ओलांडण्याची माझी छाती होत नाही. त्या वर्षी आई १४० दिवस माझ्याबरोबर आली. येथल्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी तिला पाहिले असेल. ग्रंथालयाच्या पायरीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत बसून असे. शिपाईकाका तिला चहा आणून देत. ती घरी असती तर खुरपणीला, कापणीला गेली असती. आमच्याकडे बाईचा रोज त्या वर्षी २५० रुपये होता. १४० दिवसांचे ३५,००० रुपये झाले. तिचे जाण्यायेण्याचे निम्मे तिकीट दिवसाला सुमारे ३० रुपये धरले तर त्याचे ४,२०० रुपये. एकूण ३९,२०० रुपये.

हा हिशेब मी आमच्या सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "शेतात काम रोज मिळतेच असे कुठे आहे? बुडालेला रोज धरायचा तर मिळू शकणाराच धरला पाहिजे." सरांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून निम्म्याच दिवशी काम मिळाले असते असे धरू. तरी रोजाचे १७,५०० आणि तिकिटाचे ४,२००, मिळून २१,७०० रुपये होतात. उलट शिष्यवृत्तीचा प्रत्येक दर आपण वरचाच धरू, आणि निर्वाहभत्ता बाराही महिने मिळाला असे समजू : ९,००० अधिक १,५०० अधिक ४,०००, म्हणजे १४,५०० रुपये. एका बाजूला सर्वांत कमी खर्च आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत जास्त मदत ठेवली, तरी सात हजारांची तूट राहते. माझे डबे, माझी पुस्तके, माझे फोनचे रिचार्ज यांतले काहीच मी अजून धरलेले नाही. ही तूट कोणी भरली? माझ्या जिद्दीने नव्हे. ती माझ्या आईने भरली, आणि आमच्या घरात त्या वर्षी जे जे घेतले गेले नाही त्याने भरली.

शिवाय पैसा हातात कधी पडतो, हाही प्रश्न आहेच. माझ्या पहिल्या वर्षाची रक्कम बँकेत जमा झाली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाची दिवाळीची सुट्टी घेऊन घरी बसले होते. एस.टी.चा कंडक्टर पुढल्या दिवाळीपर्यंत थांबत नाही. ज्याच्याजवळ आधी खर्च करायला पैसा आहे त्यालाच अशी मदत उपयोगी पडते. आणि ज्याच्याजवळ तो आहे, त्याला ती मुळात मिळत नाही, कारण उत्पन्नाची अट आड येते.

अर्ज भरण्याची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. फोनमध्ये अक्षरे वाचून दाखवणारी सोय असते, तिच्या मदतीने मी पुष्कळ कामे स्वतः करते. अर्जाचे पान उघडले, नाव घातले, सगळे नीट चालले होते. आणि शेवटी एक चित्र आले. वेडीवाकडी अक्षरे पाहून ती खालच्या चौकटीत लिहा, म्हणजे अर्ज करणारा यंत्र नसून माणूस आहे याची खात्री पटेल! चित्रातली अक्षरे माझा फोन वाचू शकला नाही. मी माणूस असल्याचे शेवटी माझ्या धाकट्या भावाने सिद्ध करून दिले. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात असे सांगितले आहे की, या नव्या यांत्रिक सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालाची आठवण मला ते चित्र समोर आले की होते.

आता उत्पन्नाच्या अटीविषयी. गरजूलाच मदत मिळावी, या तत्त्वाशी माझे भांडण नाही. पण गरज मोजायची कशाने? दोन घरे घ्या. दोन्ही घरांचे उत्पन्न वर्षाला २ लाख ६० हजार. एका घरातली मुलगी पायी महाविद्यालयात जाते, ग्रंथालयातून पुस्तक आणते, रात्री वाचते. दुसऱ्या घरातल्या मुलीला न्यायला-आणायला माणूस लागतो, वाचून दाखवायला माणूस लागतो. कागदावर दोन्ही घरे सारखी, आणि दोन्ही मर्यादेच्या बाहेर. अमर्त्य सेन यांनी 'दि आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ सालच्या ग्रंथात नेमकी हीच गोष्ट मांडली आहे. अपंग माणसापुढे दोन अडचणी असतात, असे ते दाखवतात. एक कमाईतली : त्याला मिळवता कमी येते. दुसरी रूपांतरातली : मिळालेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करताना त्याला इतरांपेक्षा जास्त पैसा लागतो. आपले सरकारी दाखले पहिली अडचण मोजतात. दुसरी मोजणारा दाखला तहसील कचेरीत मिळत नाही.

ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी जो वेगळा भत्ता आहे, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तो घरच्या उत्पन्नावर अवलंबून नसतो आणि परत फेडावाही लागत नाही. विद्यार्थ्याला अपंगत्वामुळे कशाची जादा गरज आहे हे आधी तपासतात, आणि त्याप्रमाणे मदतनीस, उपकरणे, जादा प्रवास यांचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत देतात. तो देश श्रीमंत आहे, तेथल्या रकमा येथे मागणे वेडेपणाचे ठरेल. पण रकमा उसन्या घेता आल्या नाहीत, तरी विचार घ्यायला हरकत नाही. फी, राहणे-जेवण हा शिक्षणाचा खर्च एका खात्यात, आणि अपंगत्वाचा खर्च दुसऱ्या खात्यात. दुसऱ्या खात्याला घरचे उत्पन्न विचारायचे नाही.

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी हेलन केलरवर तीनदा बोलले आहे आणि दोनदा बक्षीस मिळवले आहे. दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी ती मुलगी १९०४ साली अमेरिकेतल्या रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. माणसाच्या इच्छाशक्तीला अशक्य ते काय, वगैरे वगैरे. टाळ्या पडत. भाषणात ॲन सुलिव्हान या तिच्या शिक्षिकेचे नावही येई. पण त्या वेळी मला जे सुचले नाही ते आता सुचते. सुलिव्हानबाई वर्गात हेलनच्या शेजारी बसून प्राध्यापकांचे व्याख्यान तिच्या तळहातावर बोटांनी लिहीत असत. म्हणजे एका पदवीसाठी दोन माणसांची वर्षे लागली. ती कोणाच्या पैशावर? हेन्री रॉजर्स नावाचे तेलाच्या धंद्यातले एक धनवान गृहस्थ होते. मार्क ट्वेन यांनी हेलनच्या शिक्षणाची गोष्ट त्यांच्या कानावर घातली, आणि तिच्या शिक्षणाचा भार रॉजर्स यांनी उचलला. हेलन केलरचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण आमच्या भाषणांत इच्छाशक्ती तेवढी राहिली, आणि रॉजर्स यांचा धनादेश गळून पडला. तालुक्याच्या गावी तेलाचे व्यापारी आहेत, पण प्रत्येक आंधळ्या मुलीच्या वाट्याला एक रॉजर्स येणार नाही. म्हणून तर सरकार आणि समाज.

कोणी म्हणेल, आता सगळे फोनवर ऐकता येते, वाचक कशाला हवा? पुष्कळ ऐकता येते, हे खरे. २०१२ साली आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून घ्यायला मोकळीक मिळाली. २०१३ साली माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. पण मोकळीक मिळाली म्हणजे पुस्तक मिळाले असे नाही. आपल्या ग्रंथालयातले मराठी अर्थशास्त्राचे पुस्तक कोणीतरी पानापानाने स्कॅन केले पाहिजे, चुकलेली अक्षरे दुरुस्त केली पाहिजेत, तक्ते तोंडी समजावले पाहिजेत. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या हस्तलिखित नोट्सपुढे तर माझा फोन हात टेकतो. तेव्हा माणूस लागतोच.

दुसऱ्या वर्षी माझे नशीब उघडले. शेजारच्या वाडीतली एक मुलगी माझ्या वर्गात आली. बसमध्ये ती बरोबर, वर्गात ती शेजारी, मोकळ्या तासाला तीच वाचून दाखवणार. आई पुन्हा कामाला जाऊ लागली. आम्हा दोघींचे छान जमले. पण त्या मैत्रीतही एक गोष्ट मला टोचत असे. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मला वाचकाची सर्वांत जास्त गरज असे, आणि नेमकी तेव्हाच तिलाही स्वतःसाठी वेळ हवा असे. ती कधी काही बोलली नाही. मीच "आज डोके दुखते आहे, राहू दे" असे सांगून तिला मोकळी करी. गेल्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. लग्नात मी मनापासून आनंदले. आणि अक्षता टाकता टाकता, आता जूनपासून माझे कसे होणार, हा विचारही मनात आला. मैत्रिणीच्या लग्नात असा विचार यावा याची मला लाज वाटली. आता आई पुन्हा ग्रंथालयाच्या पायरीवर आहे.

म्हणूनच, मदत फुकट असावी, प्रेमाने व्हावी, तिला पैशाचा स्पर्श होऊ नये, असे जे आपल्याकडे मानतात ते मला पटत नाही. फुकटच्या मदतीचीही किंमत असते. ती फक्त कागदावर येत नाही. बहुधा ती घरातली एखादी बाई देते, नाहीतर एखादी मैत्रीण देते. आणि ज्याला मदत मिळते तो मिंधा होतो, त्याला मागायची चोरी वाटते. वाचक पगारी असता तर परीक्षेच्या आठवड्यात मी डोकेदुखीचे खोटे सांगितले नसते.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला : याचा गैरफायदा घेतला जाईल. २०२४ साली खोट्या अपंगत्व प्रमाणपत्रांची वर्तमानपत्रांतून एवढी चर्चा झाली, की आमच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. खोट्यांना जरूर पकडावे. त्यांनी लुबाडले ते प्रथम आम्हालाच. प्रमाणपत्र एकदा कडक तपासावे. पण जन्माने आलेले आंधळेपण दरवर्षी नव्याने सिद्ध करण्याच्या फेऱ्या आम्हाला नकोत. त्या फेऱ्यांनाही साथीदार लागतो. दुसरा आक्षेप : सरकारजवळ पैसा नाही. हजारात दोन विद्यार्थ्यांसाठी तो फार मोठा लागेल असे मला वाटत नाही. आणि मी शिकले नाही तर काय होईल, याचाही हिशेब करावा. पदवी घेऊन मी नोकरीला लागले तर आई कायमची मोकळी होईल. न शिकता घरी बसले तर दोन माणसे जन्मभर अडकतील.

सरकारकडे मागायच्या गोष्टी तीनच. निम्मी तरी रक्कम जुलैमध्ये, वर्ष सुरू होताना मिळावी. वाचक आणि साथीदार यांचा खर्च स्वतंत्र खात्यात, प्रत्यक्ष गरज पाहून, उत्पन्नाची अट न घालता द्यावा. आणि कायमच्या अपंगत्वाची तपासणी एकदाच व्हावी. हे माझ्या लेखाने होणार नाही, याची मला कल्पना आहे.

पण आपल्या हातातलेही काही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली 'कमवा व शिका' योजना आपल्याला नवी नाही. गरजू विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि त्याचे पैसे घेतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. माझे म्हणणे असे, की न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला वाचून दाखवणे, त्याचे पुस्तक स्कॅन करणे, त्याला थांब्यावरून वर्गापर्यंत आणणे, हेही त्या योजनेतले काम समजावे. या महाविद्यालयात आपण सुमारे बाराशे आहोत. प्रत्येकाने वर्षाला वीस रुपये दिले तर २४,००० रुपये होतात. तासाला साठ रुपये दिले तर वाचनाचे चारशे तास मिळतात. मदतीची गरज असलेले आम्ही येथे चौघे आहोत. प्रत्येकाला शंभर तास. एका गरजू विद्यार्थ्याला काम मिळेल आणि दुसऱ्याला वाचक. वीस रुपये म्हणजे कँटीनमधला एक वडापाव. ३ डिसेंबरला अपंग दिनाच्या समारंभात आम्हाला गुलाबाचे फूल मिळते, ते मी आनंदाने घेते. त्याबरोबर वाचकांची यादी मिळाली तर अधिक आनंदाने घेईन.

पुढल्या वर्षी एम.ए. करायचे माझ्या मनात आहे. विद्यापीठ दीडशे किलोमीटरवर. प्रवेश मिळेल, फीचीही सोय होईल, वसतिगृहात जागाही कदाचित मिळेल. अर्जातले सगळे रकाने भरता येतील, पण तुझ्याबरोबर कोण येणार आणि त्याचा खर्च कोण देणार, असा रकानाच त्यात नाही. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आई म्हणते, "मी येते, तिकडेच काहीतरी काम बघीन." तिला मी अजून हो म्हटलेले नाही.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. हा लेख मी बोलत गेले आणि प्रथम वर्षातल्या एका मुलीने लिहून घेतला. तिच्या तीन दुपारी त्यात गेल्या. तासाला साठ रुपयांप्रमाणे तिचे पाचशे चाळीस रुपये झाले. ती घ्यायला तयार नाही. मैत्रीत पैसे कसले, म्हणते. हे वाक्यही तिला मी लिहायला लावले आहे. पैसे तिला घ्यावेच लागतील.